अम्माचा मुका टीव्ही

सोलापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मॉनिटरवर टीव्ही बघायचा म्हणून जो येतो, त्याचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "चित्र येतंय, आवाज येत नाही." त्यातलं एक प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण त्यात प्रत्येकाची एकेक चूक झाली आणि एक मोठी माझी होती. घराची ओळख पटेल असे तपशील बदललेत. तारा, जोडण्या आणि घोळ मात्र घडले तसेच ठेवलेत.

पार्श्वभूमी

घर पूर्व भागातलं, तेलुगू बोलणारं. दोन खोल्या. शेजारच्या गाळ्यात यंत्रमाग, त्यामुळे दिवसभर खटाखट ठरलेलीच. घरात अम्मा, तिचा मुलगा, सून, डिप्लोमा करणारा नातू आणि शाळकरी नात. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात जातो. अम्मा आणि सून घरी विड्या वळतात.

विडी वळणाऱ्या बाईच्या घरात टीव्ही कसा चालतो हे आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. अम्मा उंबऱ्याजवळ बसते, कारण उजेड तिथे. मांडीवर सूप. सुपात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, तंबाखू, कात्री, दोरा. पान मापानं कापायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोऱ्याचे वेढे मारायचे, की पुढचं पान. बोटं आपली आपण चालतात, पण नजर सुपावरून हलत नाही. टीव्ही तिच्या डाव्या हाताला, टेबलावर. दुपारच्या तेलुगू आणि रात्रीच्या मराठी मालिका ती वर्षानुवर्षं बघते असं घरचे म्हणतात. मी तिथे तासभर बसलो होतो. तेवढ्यात तिनं मान वर केली ती दोनदा, आणि त्यातली एक वेळ मला चहा देताना.

टीव्ही बत्तीस इंची होता. एप्रिलमध्ये नात लोखंडी खुर्ची ओढत असताना खुर्चीचा पाय पडद्यावर बसला. अर्धा पडदा काळा, अर्ध्यावर रंगीत रेघा. आवाज मात्र ठणठणीत. पॅनल बदलायचं तर खर्च जवळपास नव्या टीव्हीएवढा. नवा टीव्ही दिवाळीच्या बोनसवर ढकलला गेला.

मधले दोन दिवस अम्मानं त्या फुटक्या टीव्हीवरच मालिका ऐकल्या. तिची काही तक्रार नव्हती. तक्रार बाकीच्यांची होती, कारण आयपीएल चालू होती.

नातवाकडे एक जुना बावीस इंची मॉनिटर पडून होता. फुल एचडी, पडदा निरोगी. मागे दोनच सॉकेट: निळं व्हीजीए आणि पांढरं डीव्हीआय. आत स्पीकर नाहीत, हेडफोनचं भोकही नाही. पोरानं एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला डीव्हीआय अशी तार अडीचशे रुपयांना आणली, सेट-टॉप बॉक्सला लावली आणि चित्र आलं, तेही जुन्या टीव्हीपेक्षा लख्ख. त्या आनंदात बापानं त्याच संध्याकाळी फुटका टीव्ही भंगारवाल्याला देऊन टाकला. भंगारवाल्याची गाडी कोपऱ्यावरून वळली आणि मग अम्मानं विचारलं, "आवाज कुठंय?"

अडचण

अम्माचे शब्द असे: "चित्रं हलू लालेत, माणसं मुकी झालीत."

डीव्हीआय ही १९९९ सालची जोडणी. कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी बेतलेली. कॉम्प्युटरचे स्पीकर तेव्हा हिरव्या जॅकनं वेगळेच लागायचे, म्हणून पडद्याच्या तारेत आवाजाची सोय कुणी केली नाही. त्याआधीचं १९८७ चं व्हीजीए तर निव्वळ चित्राचंच. २००२ च्या अखेरीस एचडीएमआय आलं ते डीव्हीआयच्याच पद्धतीनं चित्र पाठवतं, वर आवाजही नेतं. म्हणून या दोघांना साधी तार जोडते, मध्ये कुठलीही डबी लागत नाही. फसगत होते ती इथेच. चित्र इतकं सहज येतं की आवाज कुठल्यातरी सेटिंगमध्ये अडकलाय असंच वाटत राहतं. पोरगा दोन रात्री बॉक्सचा मेनू उलटासुलटा करत बसला होता.

दुसरंही एक कारण आहे. बॉक्स सुरू झाला की पलीकडच्या पडद्याला विचारतो, तू कोण, तुला काय काय चालतं? पडदा आपली माहिती कळवतो; तिला ईडीआयडी म्हणतात. डीव्हीआय मॉनिटरच्या माहितीत आवाजाचा उल्लेखच नसतो. मग बॉक्स त्या तारेत आवाज घालतच नाही. मॉनिटरमध्ये आवाज शोधण्यात अर्थ नव्हता. तो बॉक्सपाशीच अडवून काढून घ्यायला हवा होता.

समोर असलेले पर्याय

दुसरा मॉनिटर घेणं हा एक. एचडीएमआय आणि हेडफोनचं भोक दोन्ही असलेला मॉनिटर असेल तर सगळा प्रश्न एका तारेत मिटतो: आवाज एचडीएमआयमधून आत येतो, भोकातून स्पीकरला जातो. पण सेकंडहँड घेतला तरी दोन-तीन हजारांचा खड्डा, आणि दिवाळीला टीव्ही येणारच होता.

ब्लूटूथ स्पीकर हा पोराचा लाडका पर्याय. या बॉक्सला ब्लूटूथ नव्हतं, म्हणजे पाठवणारी वेगळी डबी घ्यावी लागली असती. शिवाय साध्या ब्लूटूथमध्ये आवाज ओठांच्या दीड-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो, चार्जिंगची कटकट वेगळी. गंमत अशी की अम्माला आवाज मागे पडल्याचं काहीच वाटलं नसतं. ते बाकीच्या चौघांना खुपलं असतं.

एचडीएमआयमधून व्हीजीए आणि आवाज वेगळे करणारी स्वस्त डबीही मिळते. चित्र थोडं मऊ होतं. आणि एचडीसीपी नावाच्या नक्कल-बंदीच्या कुलपामुळे काही बॉक्स तिच्यातून चित्रच देत नाहीत. डीव्हीआयवर लख्ख चित्र येत असताना हा उपद्व्याप मी सुचवला नसता.

राहिले दोन. एचडीएमआयमधून आवाज बाजूला काढणारी डबी, जिला दुकानात ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. किंवा बॉक्सच्या मागचं एव्ही भोक, म्हणजे आवाज आणि चित्र देणारी जुन्या पद्धतीची जोडणी. पोरानं पहिला निवडला. एव्ही भोक त्यानं पाहिलं होतं, पण "ते जुन्या डब्बा टीव्हीचं असतं ना अण्णा" म्हणून सोडून दिलं होतं.

पहिला प्रयत्न: आवाज काढणारी डबी

नवी पेठेतल्या एका दुकानातून आठशे रुपयांना डबी आणली, मित्राचे स्पीकर लावून बघितले. आवाज आला. घरात टाळ्या. मग चॅनल बदलला आणि आवाज गेला. पुन्हा मागच्या चॅनलवर आला. थोडं खेळल्यावर लक्षात आलं की साध्या चॅनलांना आवाज आहे, काही एचडी चॅनल मुके आहेत. अम्माचा तेलुगू चॅनल नेमका मुक्यांमध्ये.

पोरानं डबी खराब म्हणून बदलून आणली. दुसरीही अगदी तशीच वागली. ही पहिली खरी निर्णयाची जागा. दोन नव्या डब्यांत हुबेहूब तोच बिघाड असेल तर बिघाड डबीत नसतो, डबीच्या आधी असतो. पण घरात अम्मा गप्प बसून विड्या वळतेय, सून वैतागलीय, अशा वेळी एवढा विचार सुचत नाही. पोरगा पुन्हा दुकानात गेला. दुकानदार पैसे परत देईना. वर चारशे रुपये घेऊन त्यानं डबीच्या बदल्यात एक २.१ स्पीकर संच दिला, म्हणजे दोन छोटे स्पीकर आणि एक जाड आवाजाची, बासची पेटी. आता घरात स्पीकर होते, पण त्यांना आवाज देणारं काही नव्हतं. पोरगा माझ्याकडे आला तो या टप्प्यावर.

डबीचं गूढ मला नंतर त्या घरात बसल्यावर उलगडलं. बॉक्सच्या मेनूत आवाज 'डॉल्बी'वर ठेवलेला होता. ही मिरवणुकीतली डॉल्बी नव्हे, आवाज गुंडाळून पाठवायची एक पद्धत. काही एचडी चॅनल डॉल्बीत आवाज देतात, आणि बॉक्स तो न उलगडता तसाच पुढे ढकलत होता. भल्या टीव्हीला तो उलगडता येतो. साध्या डबीच्या हेडफोन भोकाला येत नाही, ते गप्प बसतं. पोराला विचारलं, डबीवर बारीक सरकता खटका होता का? "होता की. तीन खुणा होत्या." त्यातली एक खूण दोन चॅनलच्या साध्या स्टिरिओची असते. खटका तिथे सरकवला की डबी बॉक्सला सांगते, मला साधंच चालतं. मग बॉक्स आपणच उलगडून देतो. नखाच्या एका ढकलण्याचं काम होतं, किंवा मेनूत 'डॉल्बी'च्या जागी 'स्टिरिओ' करण्याचं.

दुसरा प्रयत्न: ड्रॉवरमधली तार

मी गेलो तेव्हा दुपारचे तीन वाजलेले, बाहेर अंगार. बॉक्स उलटा केला. मागे एचडीएमआयच्या शेजारी हेडफोनसारखं बारीक भोक, त्यावर 'एव्ही'. यातून पिवळं चित्र आणि पांढरा-लाल आवाज असे तिन्ही एकाच पिनेतून निघतात. आवाज बॉक्सनं आधीच उलगडलेला असतो, डॉल्बीची भानगड नाही. आणि पुष्कळ बॉक्स एचडीएमआय चालू असतानाही इथून आवाज देत राहतात. देतो की नाही हे बघायला एक रुपया लागत नाही, फक्त तार हवी.

बॉक्सबरोबरची तार केव्हाच हरवली होती. सुनेनं ड्रॉवर पालथा घातला, त्यात कुठल्याशा जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याची तशीच दिसणारी तार सापडली. बारीक पीन, तिच्यावर तीन काळ्या रेघा, दुसऱ्या टोकाला पिवळा-पांढरा-लाल. २.१ च्या पेटीमागे पांढरं आणि लाल सॉकेट होतंच. पांढरं पांढऱ्यात, लाल लालमध्ये.

डाव्या स्पीकरमधून बाई तेलुगूत रडायला लागली. अम्माचे हात थांबले. उजव्या स्पीकरमधून मात्र भर्रऽऽ.

मी पीन फिरवली, उपसून पुन्हा बसवली, स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या. भर्र लाल तारेबरोबर फिरत होतं. बॉक्सचं एव्ही भोक गेलं असं म्हणून मी उठणारच होतो. तेवढ्यात मालिकेत रात्रीचा प्रसंग आला, पडदा जवळजवळ काळा झाला आणि भर्र खाली बसलं. दिवसाचा प्रसंग आला, पुन्हा चढलं. आवाजाला उजेड-अंधार कळतो म्हणजे तो आवाज नव्हेच. ते चित्र होतं. भारतातलं एव्ही चित्र सेकंदाला पन्नास वेळा पडदा चाळतं, ते स्पीकरमध्ये घातलं की असंच भर्र ऐकू येतं.

या बारीक पिनेवर चार भाग असतात, आणि कुठल्या भागावर काय द्यायचं यावर सगळ्या कंपन्यांचं एकमत नाही. बॉक्सच्या लेखी जिथे चित्र, तिथे या कॅमेऱ्याच्या तारेनं लाल शेपूट जोडलेलं होतं. मी लाल काढलं आणि स्पीकरच्या लाल सॉकेटात पिवळं खुपसलं. दोन्ही स्पीकर बोलायला लागले. बाहेर राहिलेल्या लाल टोकाला चिकटपट्टी गुंडाळली.

आवाज लहान होता. रिमोटनं वाढवला तर वाढेना. या रिमोटची आवाजाची बटणं जुन्या टीव्हीला शिकवून ठेवलेली होती. दाबली की भंगारात गेलेल्या टीव्हीला हुकूम सुटायचा. ती परत बॉक्सकडे वळवली, बॉक्सचा आवाज बराच वर नेऊन ठेवला आणि रोजचं कमी-जास्त स्पीकरवर सोडलं.

माझी चूक

सगळं चालू करून, चहा पिऊन मी निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोराचा फोन. "अण्णा, पेटीतली बाई इंग्लिशमध्ये काहीतरी बोलते आणि गप्प बसते."

दुकानदारानं गळ्यात मारलेला संच ब्लूटूथ, एफएम, पेन ड्राइव्ह असा सर्वगुणसंपन्न होता. वीज गेली किंवा बटण बंद केलं की पुढच्या वेळी तो ब्लूटूथवर सुरू व्हायचा आणि तसं जाहीरही करायचा. तारेचा आवाज हवा तर दर वेळी बारक्या रिमोटवर योग्य बटण दाबायला हवं. तंबाखूनं माखलेल्या हातांनी अम्मानं ते शोधायचं? मी निघण्यापूर्वी भिंतीवरचं बटण एकदा बंद-चालू करून बघायला हवं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. ते केलं नाही म्हणून दुसरी फेरी पडली.

दुकानात एक जुना, फक्त गोल खुंटी असलेला २.१ पडून होता. तो दिला, त्यांचा सर्वगुणसंपन्न घेतला. मॉनिटर, बॉक्स, स्पीकर तिन्ही एका एक्स्टेन्शन बोर्डवर. भिंतीवरचं एक बटण दाबलं की सगळं उठतं, आणि या वेळी ते तीनदा बंद-चालू करून बघितलं.

तरी अम्मा म्हणाली, "आवाज येतो, पण काय बोलू लालेत कळंना." पेटी मॉनिटरच्या मागे ठेवली होती आणि पोरानं बास पूर्ण चढवला होता. वय झालं की आधी बारीक, चिरके आवाज कमी ऐकू येतात. स, श, त, क ही व्यंजनं तिथलीच. ती गेली की बोलणं नुसतं गुणगुणतं. त्यावर बास आणि शेजारच्या मागांची खटाखट. बास जवळपास शून्यावर आणला. एका छोट्या स्पीकरची वायर तोडून तीन मीटर वाढवली, लालला लाल, काळ्याला काळी, आणि तो उंबऱ्याजवळच्या खिडकीत ठेवला. संवाद सहसा दोन्ही बाजूंना सारखाच येतो, त्यामुळे एक स्पीकर अम्मापाशी आणि दुसरा पडद्यापाशी असला तरी मालिकेचं काही बिघडत नाही. क्रिकेट बघणारे पडद्याजवळ बसतात, त्यांनाही पुरतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, भंगारवाल्याला दोन दिवस थांबवता आलं असतं. फुटक्या टीव्हीचा आवाज शाबूत होता. बॉक्सची एव्ही तार त्यात ठेवून चित्र मॉनिटरवर घेतलं असतं तर दिवाळीपर्यंत फुकट भागलं असतं. दिसायला विचित्र, पण भागलं असतं. मला हे सुचलं ते घरी परतताना, सात रस्त्याच्या सिग्नलला. तोवर टीव्ही जाऊन आठवडा झाला होता.

दुसरं, खरेदीच्या आधी बॉक्सच्या मागे काय आहे ते बघायला हवं होतं. अशा कामात लोक मॉनिटरची पाठ तपासतात, बॉक्सची तपासत नाहीत. एव्ही भोक असेल तर आधी ते. नसेल आणि चौकोनी ऑप्टिकल सॉकेट (आवाज प्रकाशातून पाठवणारं) असेल तर ते घेणारा स्पीकर लागेल किंवा मध्ये डिजिटलचा साधा आवाज करणारी डबी. तिथेही मेनूत स्टिरिओ करावंच लागतं. काहीच नसेल तर एचडीएमआयची डबी, खटका दोन चॅनलवर ठेवून.

डबी ठेवली असती तर चाललं असतं का? चाललं असतं. तरी मी एव्हीच निवडलं असतं. डबीला पाच व्होल्टचा वेगळा चार्जर लागतो, आणि त्या खोलीत सॉकेट दोनच होती.

कुणाला दोष देत नाही, पण दुकानदारानं त्या खटक्याबद्दल एक वाक्य बोलायला हवं होतं. तो रोज त्या डब्या विकतो.

सध्या

एकूण खर्च: तार अडीचशे, डबीचे आठशे आणि वरचे चारशे धरून साडेचौदाशे. माझा संच आणि त्यांचा संच बरोबरीत सोडला, दुसऱ्या फेरीचे पैसे अर्थातच घेतले नाहीत. पहिल्या फेरीचे शंभर, वर सुनेनं शेंगाचटणीची पुडी दिली.

मध्ये एकदा झाडताना एव्हीची पीन सैल झाली होती. पोरानं तार टेबलाच्या पायाला बांधून टाकली. बाकी तक्रार नाही.

मागच्या महिन्यात त्या गल्लीत दुसऱ्या कामाला गेलो होतो, म्हणून डोकावलो. दुपारची वेळ, दारातून मालिकेचा आवाज येत होता. अम्मा उंबऱ्याजवळ, सूप मांडीवर, स्पीकर खिडकीत. मॉनिटर काळा. मला वाटलं, पुन्हा काहीतरी बिघडलं. मी बटणाकडे हात नेला तर अम्मानं मान न उचलताच अडवलं, "राहू दे, मीच बंद केलंय. दुपारी कोण बघतंय?"